पूर्वपक्षाची जप्ती

टीकेला उत्तर देण्याचे अनेक मार्ग मराठी वाङ्मयव्यवहाराने आजवर पाहिले आहेत. प्रतिवादाचा लेख लिहिणे हा त्यांतील राजमार्ग. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टीकाकाराचा समाचार घेणे, संपादकाला दीर्घ पत्र पाठवणे, एखाद्या स्नेह्याकडून अनुकूल परीक्षण लिहवून घेणे, किंवा काहीच न बोलता पुढचे पुस्तक लिहायला बसणे (हा शेवटचा मार्ग सर्वांत कठीण, म्हणून सर्वांत विरळा) हेही मार्ग परिचयाचे आहेत. टीकाकाराच्या जातीवर, नोकरीवर किंवा पदवीवर घसरण्याचा मार्गही दुर्दैवाने अपरिचित नाही. या सर्वांत, अगदी शेवटच्या हीन मार्गातही, एक गोष्ट समान होती : टीका शिल्लक राहत असे. वाचक ती काढून पाहू शके आणि कोणाचे खरे हे ठरवू शके.

आता रूढ होऊ पाहणारा मार्ग निराळा आहे. त्यात टीकाकाराच्या एकाही विधानाचे खंडन करावे लागत नाही. टीकेच्या ओघात त्याने मूळ कृतीतील ज्या ओळी, जो संवाद, जे चित्र किंवा चित्रफितीचा जो तुकडा उद्धृत केला असेल त्यावर स्वामित्वहक्क सांगायचा, हक्काचा भंग झाल्याची तक्रार करायची आणि सबंध टीकाच काढून टाकायला लावायची. तक्रारीत टीकेचा उल्लेख नसतो. कागदावर वाद चोरीचा असतो. प्रत्यक्षात तो मताचा असतो.

या मार्गाचे समर्थन करणारे लोक लेखकद्वेष्टे नाहीत, उलट लेखकाच्या हक्काची भाषा बोलणारे आहेत. म्हणूनच त्यांच्या भूमिकेची तपासणी आवश्यक ठरते. ‘माझे लेखन ही माझी मालमत्ता, ती कोणी, किती आणि कशासाठी वापरायची हे मी ठरवणार,’ असे या भूमिकेचे सार सांगता येईल. मराठी पुस्तकांच्या श्रेयनामावलीच्या पानावर ती ठरावीक शब्दांत छापलेली असते : लेखी परवानगीवाचून या पुस्तकाचा कोणताही भाग कोणत्याही स्वरूपात वापरता येणार नाही. इंग्रजी पुस्तकांतील अशाच मजकुराला परीक्षणासाठी घेतलेल्या लहान उताऱ्यांचा अपवाद पुष्कळदा जोडलेला आढळतो. मराठीत तो अपवाद अभावानेच दिसतो. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या हे पान उलटणाऱ्या प्राध्यापकांची, संशोधकांची आणि संपादकांची अशी समजूत होऊन बसली आहे की, चार ओळी उद्धृत करणे ही लेखकाची मेहेरबानी आहे.

कायदा मात्र असे म्हणत नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट अधिनियमाचे कलम ५२ स्वामित्वहक्काचा भंग न ठरणाऱ्या कृतींची यादी देते. तिच्या आरंभीच खाजगी वापर व संशोधन, समीक्षा किंवा परीक्षण, आणि चालू घटनांचे वृत्तनिवेदन यांसाठी केलेला न्याय्य व्यवहार आहे. समीक्षा त्याच कृतीची असली पाहिजे असेही बंधन नाही; अन्य कृतीची समीक्षा करतानाही उतारा घेता येतो. किती ओळी, किती शब्द, शेकडा किती प्रमाण, याचा आकडा कायद्यात कोठेही नाही. दहा टक्के किंवा तीस सेकंद हे जे आकडे सर्वत्र सांगितले जातात त्यांना या कायद्यात आधार नाही. व्यवहार न्याय्य होता की नाही हे प्रत्येक प्रकरणाच्या स्वरूपावरून ठरवायचे असते. आणि जो अपवाद कायद्यानेच दिला आहे तो प्रकाशकाच्या छापील सूचनेने रद्द होत नाही.

टीकेचे तोंड बंद करण्यासाठी स्वामित्वहक्काचा वापर ही कल्पनाही नवीन नाही. इंग्लंडमध्ये सायंटॉलॉजी पंथाचा संस्थापक एल. रॉन हबर्ड याच्या शिकवणुकीवर त्याच पंथातून बाहेर पडलेल्या सिरिल व्होस्पर याने १९७१ मध्ये एक टीकाग्रंथ लिहिला आणि त्यात हबर्डच्या पुस्तकांतील बरेच उतारे दिले. हबर्डने उताऱ्यांवरील हक्काच्या जोरावर पुस्तक थांबवू पाहिले. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायपीठाने मनाई उठवली. टीका केवळ लेखनशैलीची नव्हे तर लेखनामागील विचारांचीही असू शकते, आणि त्यासाठीही उतारे घेता येतात, असे त्या निर्णयाने मान्य केले. त्याच प्रकरणात न्या. मेगॉ यांनी थडग्यावरील लेखाचे उदाहरण घेतले होते. लेखच जर दोन ओळींचा असेल तर टीकाकाराला तो संपूर्ण उद्धृत करावा लागेल, आणि तरीही तो व्यवहार न्याय्य ठरू शकेल. लघुकवितेच्या समीक्षकाने हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

भारतात या विषयावरील महत्त्वाचा निर्णय नाटकासंबंधी आहे, ही योगायोगाची असली तरी बोलकी गोष्ट म्हटली पाहिजे. तोप्पिल भासी यांचे ‘निङ्ङळेन्ने कम्युनिस्टाक्की’ (‘तुम्ही मला कम्युनिस्ट केलेत’) हे १९५२ मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक केरळच्या राजकीय इतिहासाचा भाग होऊन बसले आहे. सिव्हिक चंद्रन यांनी १९९५ मध्ये त्याला उत्तर म्हणून ‘तुम्ही कोणाला कम्युनिस्ट केलेत’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे प्रतिनाटक लिहिले. मूळ नाटकातील पात्रे व प्रसंग त्यांनी घेतले, संवादांचे अंशही घेतले, आणि ज्यांनी त्या चळवळीसाठी रक्त आटवले त्यांच्या हाती काय आले हा प्रश्न त्याच पात्रांसमोर उभा केला. भासी तोवर दिवंगत झाले होते. त्यांच्या वारसांनी दावा लावला, खालच्या न्यायालयाने मनाई दिली. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती उठवली. घेतलेल्या भागाचे प्रमाण व मोल, घेण्याचा हेतू आणि दोन कृतींमध्ये स्पर्धा होण्याचा संभव या तीन कसोट्या न्यायालयाने लावल्या. प्रतिनाटकाचा हेतू मूळ नाटकाची नक्कल करून प्रेक्षक पळवण्याचा नसून त्या नाटकावर आणि त्यामागील राजकारणावर टीका करण्याचा आहे, असा निष्कर्ष निघाला. प्रतिनाटक हा समीक्षेचा प्रकार होऊ शकतो, असा याचा वाङ्मयीन अर्थ आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका विडंबनगीताच्या प्रकरणात या तिसऱ्या कसोटीचा पुढचा टप्पा स्पष्ट केला. एखाद्या जहाल परीक्षणामुळे नाटक पडले तर नाटककाराचे नुकसान होते हे खरे. पण स्वामित्वहक्काच्या कायद्याने भरून द्यावयाचे हे नुकसान नव्हे. मूळ वस्तूच्या जागी दुसऱ्याने आपली वस्तू विकली तर ते चोरीचे नुकसान. मूळ वस्तू वाईट आहे असे सांगितल्यामुळे ती विकली गेली नाही तर ते टीकेचे फळ. ही भेदरेषा पुसून टाकणे हेच नव्या तक्रारींचे खरे कार्य आहे.

न्यायालयीन निर्णयांपेक्षाही हा प्रश्न समीक्षेच्या स्वरूपाशी अधिक निगडित आहे, आणि तिकडे समर्थकांचे लक्ष गेलेले नाही. उतारा म्हणजे टीकाकाराला मिळालेली सवलत, असे दोन्ही पक्ष गृहीत धरून चालतात. हे गृहीतच चुकीचे आहे. भारतीय वादपरंपरेत खंडन करणाऱ्याला आधी पूर्वपक्ष मांडावा लागतो, आणि तो प्रतिपक्षाला ओळखू येईल अशा रीतीने मांडावा लागतो. जो पूर्वपक्ष दुबळा करून मांडतो त्याच्या उत्तरपक्षाला किंमत नसते. आधुनिक समीक्षेतील उतारा हा या पूर्वपक्षाचाच अवतार आहे. तो टीकाकाराचा अलंकार नाही, त्याच्यावरचे दायित्व आहे. उतारा दिला की टीकाकार स्वतःला उघडे पाडतो. वाचक उतारा वाचतो, त्याखालचे विधान वाचतो आणि म्हणतो : या ओळींतून तुम्ही म्हणता ते निघत नाही. उतारा हा टीकाकाराविरुद्ध वाचकाच्या हाती दिलेला पुरावा असतो.

याचे मोठे उदाहरण मराठी टीकेच्या आरंभकाळातच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ पासून चालवलेल्या ‘निबंधमाले’त लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्यावर हल्ले चढवले. फुल्यांच्या भाषेतील व्याकरणदोषांचा त्यांनी केलेला उपहास सर्वश्रुत आहे. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर आज तो उपहास वाचणारा वाचक फुल्यांच्या भाषेला हसत नाही; शूद्रातिशूद्रांच्या दुःखाची मांडणी समोर असताना ज्या टीकाकाराला शुद्धलेखन दिसले त्याच्याबद्दल तो आपले मत बनवतो. हे कशामुळे शक्य झाले? कशाला हसायचे ते चिपळूणकरांनी वाचकाला दाखवले म्हणून. समजा, फुल्यांनी आपल्या ग्रंथांतील मजकुरावर हक्क सांगून मालेचा तो अंक जप्त करवला असता, तर फुल्यांचे काय रक्षण झाले असते? टीकाकाराविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा तेवढा नष्ट झाला असता.

यातून निघणारा निष्कर्ष तक्रारकर्त्यांना अप्रिय वाटेल, पण तो अटळ आहे. स्वामित्वहक्काची तक्रार उतारा देणाऱ्यालाच पकडू शकते. पुस्तक न वाचता, ऐकीव माहितीवर, ‘अमुक लेखक संपला’ किंवा ‘तमुक कादंबरी भिकार आहे’ असे ठोकून देणारा तिच्या कक्षेतच येत नाही, कारण त्याने काही घेतलेलेच नसते. म्हणजे बेजबाबदार टीका सुरक्षित आणि साधार टीका अपराधी. मराठी परीक्षणांवर शेरेबाजीचा आरोप वारंवार होतो आणि तो निराधार नाही. ज्या व्यवहारात आधार देणेच धोक्याचे ठरते, त्यात शेरेबाजीवाचून दुसरे काय उरणार?

जी टीका मूळ कृतीच्या रूपातच शिरून केली जाते तिची स्थिती आणखी बिकट आहे. आचार्य अत्रे यांनी केशवकुमार या नावाने लिहिलेली ‘झेंडूची फुले’ (१९२५) ही रविकिरण मंडळाच्या काळातील काव्यरूढींची समीक्षाच होती. ती रचना, ती शब्दकळा, त्या लकबी ओळखू आल्या तरच विडंबन पोचते. ओळखू न येणारे विडंबन हे विडंबनच नव्हे. अत्र्यांच्या विडंबनांनी कवितेतील लाडिकपणाबद्दल जे सांगितले ते सांगायला गंभीर टीकेला बरीच पाने लागली असती. साठच्या दशकाच्या अखेरीस राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली तेव्हाही हल्ल्याचे हत्यार ‘सत्यकथे’च्याच पानांतून उचललेले होते. त्यानंतर ‘सत्यकथे’च्या अंकाची होळीही झाली. होळीचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. परंतु त्या सगळ्या धुमश्चक्रीत कोणी कोणाचे लेखन हक्काच्या नावाखाली गायब केले नाही. ‘सत्यकथा’ आपल्या वाङ्मयीन धोरणावर १९८२ मध्ये बंद पडेपर्यंत चालत राहिली, आणि ढाल्यांचा लेख अनियतकालिकांच्या चळवळीचा दस्तऐवज ठरला. आजच्या अभ्यासकाला दोन्ही बाजू उपलब्ध आहेत. १९५७ च्या कायद्यात विडंबन हा शब्द नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये आपल्या कायद्यात विडंबनासाठी स्वतंत्र अपवाद घातला. भारतात विडंबनकाराला समीक्षेच्याच छत्राखाली उभे राहावे लागते. म्हणून समीक्षेचा अर्थ जितका आकसेल तितका विडंबनकार उघड्यावर येईल.

तक्रारीची यंत्रणा प्रत्यक्षात कशी चालते, हेही पाहिले पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने आणि २०१३ च्या नियमांनी जो मार्ग ठरवला तो कागदावर बराच समतोल आहे. मजकूर साठवून लोकांपर्यंत पोचवणाऱ्या मध्यस्थाकडे लेखी तक्रार आली आणि तो तिच्याबद्दल समाधानी झाला, तर छत्तीस तासांत त्याने मजकूर अडवायचा. एकवीस दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर मजकूर पुन्हा खुला करण्याची मोकळीक मध्यस्थाला आहे. शिवाय संबंधित कृती कलम ५२ खाली मोडत नाही, हे दाखवण्याची जबाबदारी तक्रारदारावर आहे. व्यवहारात मात्र बलाढ्य मध्यस्थ कंपन्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यावर बेतलेली आपली स्वतःची पद्धत राबवतात. यूट्यूबवर नव्वद दिवसांत अशा तीन तक्रारी ग्राह्य धरल्या गेल्या तर खातेच, त्यावरील वर्षानुवर्षांच्या सर्व कामासह, बंद होण्याची वेळ येते. तीन उताऱ्यांसाठी टीकाकाराची सबंध ग्रंथसंपदा जाळण्यासारखे हे आहे. मे २०२५ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेविरुद्ध मोहक मंगल या यूट्यूबवरील भाष्यकाराने जाहीर आरोप केला, तो याच टांगत्या तलवारीविषयी होता. काही सेकंदांच्या चित्रफितींसाठी तक्रारी करायच्या आणि त्या मागे घेण्यासाठी लक्षावधी रुपयांचा परवाना घ्यायला सांगायचे, असा तो आरोप होता. आपण आपल्या कायदेशीर हक्काचेच रक्षण करीत आहोत, असे संस्थेचे म्हणणे होते. वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. त्यापूर्वी २०२२ मध्ये त्याच न्यायालयापुढे टीव्ही टुडे आणि न्यूजलॉन्ड्री यांच्यातील प्रकरण आले होते. वाहिन्यांच्या बातमीदारीवरील टीकेत वाहिन्यांचेच तुकडे दाखवावेत की नाही, हा त्यातील एक प्रश्न होता, आणि एकल न्यायाधीशांनी तेव्हा अंतरिम मनाई नाकारली होती. प्रकरणे वृत्तवाहिन्यांची आहेत म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकाने मान फिरवण्याचे कारण नाही. जे यंत्र बातमीच्या तुकड्याला लागते तेच कवितेच्या कडव्याला लागते. त्याला दोन्हींतला फरक कळत नाही.

याला फौजदारी बाजूही आहे. कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ च्या निर्णयात म्हटले आहे. न्याय्य व्यवहाराचा बचाव आरोपीला उपलब्ध आहेच. पण तो त्याने मांडायचा असतो, आणि मांडायची वेळ येईपर्यंत वकिलाची फी देऊन झालेली असते. मासिक वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकाचा संपादक इतका धोका पत्करत नाही. तो लेखकाला सौम्य शब्दांत लिहितो : उतारे तेवढे कमी करा.

महाराष्ट्रात लेखन अडवण्याची जुनी रीत भावना दुखावण्याची आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजीविषयक पुस्तकाच्या निमित्ताने जानेवारी २००४ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. पुस्तकावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्या रीतीत दांडगाई असते, पण ती दिसते; तिचा निषेध होतो, पत्रके निघतात, न्यायालय बोलते. नव्या रीतीत मोडलेले कपाट नसते. एक पत्र जाते आणि एक लेख नाहीसा होतो. निषेध कशाचा करावा हेच वाचकाला कळत नाही, कारण जे गेले ते काय होते हे त्याला ठाऊक नसते.

हा वाचक कोण, याचाही विचार केला पाहिजे, कारण हक्काच्या चर्चेत लेखक, प्रकाशक आणि टीकाकार एवढेच पक्ष धरले जातात. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर हे धरण आहे आणि त्याच नावाचे गाव. तेथून मराठी विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ नांदेडला. अनियतकालिकांच्या फाइली किंवा कवितासंग्रहांच्या संपलेल्या आवृत्त्या पाहायच्या तर त्याला औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. अशा विद्यार्थ्याच्या वाट्याला समकालीन कविता पुष्कळदा समीक्षेतील उताऱ्यांच्या रूपानेच येते. परीक्षणातील आठ ओळी हा त्याच्या दृष्टीने पुस्तकाचा नमुना नसतो. तेवढेच पुस्तक त्याला भेटलेले असते. त्या आठ ओळी काढून टाकल्या की त्याच्यापुरती कविता गेली आणि टीकाही गेली. उरते ते टीकाकाराचे मत, आणि ते तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. मराठवाड्यातील विद्यार्थी मार्गदर्शकांची मते पाठ करून परीक्षा देतात, अशी तक्रार परीक्षक करतात. मूळ ओळ हाती न येऊ देणाऱ्या व्यवस्थेचा त्यात काही वाटा आहे की नाही?

याच जिल्ह्यात नर्सी हे गाव आहे, परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेले. सिद्धेश्वरच्या त्या विद्यार्थ्याने नामदेव आणि नामदेव ढसाळ असा तौलनिक विषय घेतला, तर त्याला हक्काच्या प्रश्नाची दोन टोके एकाच प्रबंधात भेटतील. पहिल्या नामदेवांच्या अभंगांना कवीची मुद्रा आहे. पण तीच मुद्रा पुढे इतर कवींनीही वापरली. विष्णुदास नामा आणि अन्य ‘नामे’ यांची रचना मूळ नामदेवांच्या गाथेत मिसळली. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या ‘गुरू ग्रंथसाहिबा’त जपली गेली ती परभाषी भाविकांनी आपली मानली म्हणून. कोणता अभंग कोणाचा, हा नामदेवविषयक संशोधनातील सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न. तो ज्यांनी सोडवू पाहिला त्यांना अख्खे अभंग शेजारी शेजारी मांडावेच लागले. ढसाळांचे निधन १५ जानेवारी २०१४ रोजी झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, या हिशेबाने त्यांच्या कवितेवरील हक्क २०७४ च्या अखेरीस संपेल. (पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आला तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ झाली.) ढसाळांच्या भाषेने मराठी कवितेत काय उलथापालथ केली हे त्यांच्या ओळी समोर ठेवल्याशिवाय सांगता येत नाही. सांगू पाहणारा ‘विद्रोही’, ‘जळजळीत’, ‘दाहक’ या तीन विशेषणांत अडकतो, आणि असे प्रबंध विद्यापीठांच्या कपाटांत थोडे नाहीत. ओळ देण्यासाठी प्रत्येक वेळी परवानगी मागावी लागली, तर परवानगी देणारा टीकेचा सूर पाहून ती देणार किंवा नाकारणार. मग ५० वर्षांनी ढसाळांवर जी टीका उरेल ती सारी हक्कधारकाच्या पसंतीची असेल. ढसाळांसारख्या कवीची यापेक्षा मोठी विटंबना कल्पिता येत नाही.

तक्रारकर्त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. समीक्षेच्या नावाखाली उघड लूट चालते. कथाच्या कथा ध्वनिमुद्रित करून आरंभी दोन वाक्यांचा ‘रसास्वाद’ जोडणे, दुर्मिळ म्हणून पुस्तकांच्या छायाप्रती वाटणे, कवितासंग्रह जसाच्या तसा देऊन खाली ‘अप्रतिम’ एवढेच लिहिणे, याला समीक्षा म्हणणे हा समीक्षेचा अपमान आहे. मराठी लेखकाला मानधन ते किती मिळते! त्यातले कोणी पळवत असेल तर त्याने न्यायालयात जावे. त्याच्यामागे टीकाकारांनीही उभे राहावे. तसेच, ओळी मोडून-तोडून, संदर्भ तोडून उद्धृत केल्या आणि त्यामुळे लेखकाच्या लौकिकाला बाध आला तर कलम ५७ त्याच्या मदतीला आहे. ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांना काळजी होती ती पाठाच्या अखंडत्वाची, आणि ती रास्त होती. चुकीचा उतारा देणाऱ्या टीकाकाराला दया दाखवू नये. येथे प्रश्न बरोबर उताऱ्याचा आहे, आणि नव्या तक्रारींचा रोख बहुधा बरोबर उताऱ्यावरच असतो, तोच झोंबतो.

या प्रकरणात विद्यापीठीय समीक्षकांची भूमिका विशेष खेदकारक आहे. रोलां बार्थ यांचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध आणि मिशेल फूको यांचे १९६९ चे ‘लेखक म्हणजे काय?’ हे व्याख्यान मराठी विभागांतून कित्येक वर्षे शिकवले जात आहे. संहितेचा अर्थ लेखकाच्या मालकीचा नसतो, हे वाक्य चर्चासत्रांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची धार गेली. मात्र त्याच चर्चासत्राचा ग्रंथ छापायची वेळ आली की संपादक-प्राध्यापक निबंधकारांना लेखकांची वा त्यांच्या वारसांची परवानगीपत्रे आणायला सांगतात. म्हणजे लेखक वर्गात मरतो आणि छापखान्यात साठ वर्षे जिवंत राहतो. फूको यांनी तर स्पष्ट सांगितले होते की, लेखनाला लेखकाचे नाव चिकटले ते त्या लेखनासाठी कोणाला तरी शिक्षा करता यावी या गरजेतूनही. हे वाचलेल्यांनी, शिक्षेचा रोख आता टीकाकाराकडे वळत असताना, निमूटपणे परवानगीच्या रांगेत उभे राहावे, हे त्यांच्या सिद्धान्तनिष्ठेविषयी बरेच काही सांगून जाते. परवानगीची ही प्रथा कायद्याने लादलेली नाही. समीक्षकांनी ती आपणहून ओढवून घेतली आहे, आणि अशी प्रथा रूढ झाली की पुढे तीच ‘या क्षेत्रातील सर्वमान्य व्यवहार’ म्हणून न्यायालयात दाखवली जाण्याचा धोका असतो.

कायद्यातील आणखी एका कलमाकडे नियतकालिकांच्या संपादकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. कलम ६० अन्वये, हक्कभंगाची निराधार धमकी ज्याला दिली गेली त्याला स्वतःच दिवाणी दावा लावता येतो. धमकी निराधार असल्याची घोषणा, पुढील धमक्यांना मनाई आणि नुकसानभरपाई अशा तिन्ही गोष्टी तो मागू शकतो. धमकी देणाऱ्याने योग्य तत्परतेने स्वतः दावा लावून तो चालवला तर मात्र हे कलम लागू होत नाही. म्हणजे कायदा तक्रारदाराला सांगतो : खरोखर हक्क बुडाला असेल तर न्यायालयात या, नुसती भीती दाखवू नका. साहित्यसंस्था एरवी संमेलनाध्यक्षाच्या निवडीवर महिनोन्‌महिने खल करतात. त्यांतील एखादीने या कलमाचा आधार घेऊन नोटिशीला द्यावयाच्या उत्तराचा एक मसुदा तयार करून दिला, तर वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकाला वकिलाची पहिली फी तरी वाचेल. श्रेयनामावलीच्या पानावर समीक्षेच्या उताऱ्यांचा अपवाद छापण्याचा आग्रह लेखकांनीच प्रकाशकांकडे धरावा. त्याला कसलाही खर्च नाही. आणि एखाद्या लेखातील उताऱ्यांवर नोटीस आली तर संपादकाने लेख मागे न घेता पुढच्या अंकात ती नोटीस, वादग्रस्त उतारा आणि त्यावरील टीकाकाराचे विधान अशी तिन्ही एकाखाली एक छापावीत. नोटीस देणाऱ्यालाही त्याच पानावर, हवी तेवढी जागा देऊन, उत्तर लिहायला बोलवावे.